मोजणी आणि वाचन : उत्प्रेरणाच्या संशोधनसाहित्याचा एक इतिहास

एका लेखकाने दुसऱ्या लेखकाचा उल्लेख करणे ही वाङ्मयाच्या अभ्यासकाला नित्य परिचयाची गोष्ट आहे. तळटिपेत येणारे नाव कधी ऋण मान्य करण्यासाठी येते, कधी खंडनासाठी, तर कधी निव्वळ रीत म्हणून. या तिन्ही उल्लेखांचे मोल सारखेच धरावे, त्यांची बेरीज करावी आणि त्या बेरजेवरून मूळ लेखनाची योग्यता ठरवावी, असे कोणी शंभर वर्षांपूर्वी सुचवले असते तर आपल्याकडच्या समीक्षकांनी ते हसण्यावारी नेले असते. आज मात्र ही बेरीज विद्यापीठांच्या कारभाराचा एक पाया होऊन बसली आहे. नेमणूक, बढती, अनुदान, संस्थेची क्रमवारी या सर्वांत ती कोठे ना कोठे उपस्थित असते. ती भौतिक विज्ञानांकडून मानव्यविद्यांकडे आली, एवढे आपण ऐकून असतो. पण ती कोणत्या गरजेतून जन्मली आणि वाटेत तिचे काय झाले, याचा विचार सहसा होत नाही.

या प्रश्नाचा माग काढताना आपण रसायनशास्त्राच्या दारात येऊन पोहोचतो. संदर्भोल्लेख मोजण्याचा पहिला सुप्रसिद्ध प्रयोग रसायनशास्त्राच्या एका नियतकालिकावर झाला. त्या मोजणीला उद्योगाचे रूप देणारा माणूसही रसायनशास्त्राचाच पदवीधर होता. त्यातही उत्प्रेरण आणि पदार्थ-रसायन या दोन परस्परांत मिसळलेल्या शाखांचे संशोधनसाहित्य पाहिले, तर या मोजणीचे सामर्थ्य आणि तिचा अपुरेपणा ही दोन्ही एकाच ठिकाणी उघड दिसतात. म्हणून हा इतिहास विज्ञानाच्या अभ्यासकांइतकाच वाङ्मयाच्या अभ्यासकांनीही समजून घ्यावा असा आहे.

प्रारंभ शब्दापासूनच केला पाहिजे. जो पदार्थ रासायनिक अभिक्रियेचा वेग वाढवतो पण स्वतः खर्ची पडत नाही, तो उत्प्रेरक; आणि त्याचे हे कार्य म्हणजे उत्प्रेरण, अर्थात कॅटॅलिसिस. हा ग्रीक घडणीचा शब्द स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस याने १८३५ साली रूढ केला. परंतु तो त्याच्या प्रयोगशाळेत जन्मला नाही; तो त्याच्या वाचनात जन्मला. स्वीडिश विज्ञान अकादमीसमोर बर्झेलियस दरवर्षी रसायनशास्त्राच्या प्रगतीचा अहवाल सादर करत असे. युरोपभर वर्षात काय प्रसिद्ध झाले ते सर्व वाचायचे, त्यातील खरे-खोटे पारखायचे आणि विखुरलेल्या निरीक्षणांना एकमेकांशेजारी बसवायचे, असे ते काम होते. पुढे व्होलर या त्याच्या शिष्याने हे अहवाल जर्मनमध्ये नेले आणि ते सर्व युरोपात वाचले जाऊ लागले.

१८३५ च्या अहवालात बर्झेलियसने इतरांनी केलेली, वरवर पाहता एकमेकांशी संबंध नसलेली काही निरीक्षणे एकत्र आणली. किर्खहॉफला सौम्य आम्लाच्या सान्निध्यात स्टार्चची साखर होताना दिसली होती, आणि आम्ल मात्र जसेच्या तसे उरले होते. थेनार्डने पाहिले होते की हायड्रोजन पेरॉक्साइड काही धातूंच्या स्पर्शानेच विघटित होते. हम्फ्री डेव्हीने १८१७ मध्ये ज्वलनशील वायू व हवा यांच्या मिश्रणात प्लॅटिनमची तार ज्योतीविना तापून लाल होताना पाहिली होती. १८२३ मध्ये डोबेरायनरने सच्छिद्र प्लॅटिनमवर हायड्रोजनचा झोत सोडून तो पेटवून दाखवला होता. या प्रत्येकाने आपापल्या निरीक्षणाचे आपापल्या परीने वर्णन केले होते. ही सर्व एकाच गोष्टीची रूपे असावीत हे दिसले ते त्या सर्वांच्या वाचकाला. त्याने त्या गोष्टीला नाव दिले. त्या नावामागे त्याने कल्पिलेली ‘उत्प्रेरक शक्ती’ पुढे टिकली नाही. लिबिगसारख्या समकालीनाने तर तिच्यावर कठोर टीका केली. नाव मात्र टिकले, कारण ते एका खऱ्या साम्याला दिलेले होते.

याहून लक्षणीय गोष्ट पुढेच आहे. उत्प्रेरणाची आज मान्य असलेली व्याख्या, म्हणजे एखाद्या परक्या पदार्थाच्या सान्निध्यामुळे मूळच्या संथ प्रक्रियेचा वेग वाढणे आणि तरीही प्रक्रियेच्या ऊर्जासंबंधात फरक न पडणे, ही विल्हेल्म ओस्टवाल्डने १८९४ मध्ये प्रथम मांडली. ती त्याने कोणत्याही स्वतंत्र प्रबंधात मांडलेली नाही. श्टोमान नावाच्या संशोधकाचा अन्नपदार्थांच्या ज्वलन-उष्णतेसंबंधी एक निबंध होता. त्याचा परिचय आपल्या नियतकालिकात करून देताना, लेखकाने उत्प्रेरणाची केलेली व्याख्या ओस्टवाल्डला पटली नाही, म्हणून त्याने आपली व्याख्या तेथेच लिहून टाकली. १९०९ साली ओस्टवाल्डला नोबेल पारितोषिक मिळाले ते मुख्यतः उत्प्रेरणावरील कार्यासाठी. अशा रीतीने या शाखेला तिचा शब्द एका वार्षिक समालोचनाने दिला आणि तिची व्याख्या एका परीक्षणवजा टिपणाने दिली. समीक्षा म्हणजे निर्मितीनंतरचे दुय्यम काम, असे मानणाऱ्यांनी हा इतिहास लक्षात ठेवावा.

बर्झेलियसच्या काळी एका माणसाला सर्व रसायनशास्त्र वाचणे कष्टाचे असले तरी शक्य होते. ओस्टवाल्डच्या काळापर्यंत ते अशक्य झाले होते. १८३० पासून जर्मनीत रसायनविषयक निबंधांच्या सारांशांचे ‘त्सेंट्रालब्लाट’ निघत होते. १९०७ मध्ये अमेरिकेत ‘केमिकल अ‍ॅब्स्ट्रॅक्ट्स’ सुरू झाले आणि पहिल्याच वर्षी त्यात सुमारे बारा हजार सारांश छापले गेले. मूळ निबंध वाचण्यासाठी आधी सारांश वाचावेत, सारांश शोधण्यासाठी सूची पाहावी, आणि सूची पाहण्यासाठी ती ज्याच्याकडे आहे असे ग्रंथालय गाठावे, अशी उतरंड तयार झाली. वाढ केवळ संख्येची नव्हती, गतीचीही होती. विज्ञानेतिहासकार डेरेक डी सोला प्राइस सिंगापूरला अध्यापन करत असताना त्याने रॉयल सोसायटीच्या ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’चे जुने खंड कालक्रमाने भिंतीशी रचून ठेवले होते. त्या ढिगांच्या उंचीत त्याला एक नियमित वक्ररेषा दिसली : विज्ञानाचे साहित्य चक्रवाढीने वाढते. हे निरीक्षण पुढे १९६१ आणि १९६३ च्या त्याच्या दोन पुस्तकांतून विस्ताराने आले.

सर्वच वाचणे शक्य नसेल तर काय वाचावे, हा प्रश्न अशा वेळी उभा राहतो. आणि मोजणीचा जन्म या अगदी साध्या, प्रामाणिक प्रश्नातून झाला. १९२७ मध्ये कॅलिफोर्नियातील पोमोना कॉलेजच्या पी. एल. के. ग्रॉस आणि ई. एम. ग्रॉस यांनी ‘सायन्स’ साप्ताहिकात एक निबंध लिहिला. छोट्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाकडे पैसा मोजका असतो. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला पुढील संशोधनासाठी तयार करायचे, तर त्या पैशात कोणती नियतकालिके घ्यावीत? स्वतःच्या आवडीनिवडीवर विसंबण्याऐवजी या दोघांनी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकाचा १९२६ चा खंड घेतला आणि त्यातील निबंधांच्या तळटिपांत कोणकोणत्या नियतकालिकांचे उल्लेख किती वेळा आले ते मोजले. उल्लेख साडेतीन हजारांहून अधिक निघाले. त्यांतून दिसले की अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ मोठ्या प्रमाणावर जर्मन नियतकालिकांच्या आधारे काम करत होते. तेव्हा विद्यार्थ्याला जर्मन वाचता आलेच पाहिजे, हा त्या मोजणीचा एक निष्कर्ष होता.

या निबंधाचे स्वरूप नीट पाहण्यासारखे आहे. त्यात एकाही संशोधकाची थोरवी ठरवलेली नाही, एकाही निबंधाला गुण दिलेले नाहीत. संख्या वापरली ती कपाटात काय ठेवावे हे ठरवण्यासाठी, आणि तिने जे सांगितले ते वाचनाच्या बाजूचेच होते : हे मागवा, ही भाषा शिका. मोजणी अजून वाचनाची दासी होती.

दुसरा टप्पा यूजीन गारफील्डचा. त्याने १९४९ मध्ये कोलंबिया विद्यापीठातून रसायनशास्त्राची पदवी घेतली. प्रयोगशाळेपेक्षा त्याला प्रयोगशाळेतून बाहेर पडणाऱ्या कागदांचे कोडे अधिक मोहवीत होते. विषयवार सूचीत एक मूलभूत अडचण असते : सूचिकाराने निबंधाला जो विषय लावला, त्याखेरीज अन्य वाटेने तो सापडत नाही. गारफील्डला यातून वाट सापडली ती कायद्याच्या क्षेत्रात. अमेरिकेत १८७३ पासून ‘शेपर्ड्स सायटेशन्स’ नावाची सूची वकिलांच्या उपयोगात होती. एखाद्या जुन्या निकालाचा आधार घेण्यापूर्वी त्या निकालाचे पुढे काय झाले, नंतरच्या कोणकोणत्या निकालांत त्याचा उल्लेख आला, हे वकील तीत पाहत असत. हेच तत्त्व विज्ञानाला लावावे, असे गारफील्डने १९५५ मध्ये ‘सायन्स’मध्येच लिहिलेल्या निबंधात सुचवले. जुन्या निबंधापासून निघून त्याचा उल्लेख करणाऱ्या नव्या निबंधांपर्यंत, म्हणजे काळाच्या दिशेने पुढे शोध घेण्याची सोय तोवर नव्हती. ती या सूचीने झाली असती. आणखी एक हेतू त्याने स्पष्टपणे नोंदवला होता : चुकीच्या, अपुऱ्या किंवा कालबाह्य माहितीचे डोळे झाकून होणारे उल्लेख थांबावेत. ज्याचे खंडन झाले आहे ते खंडनासह वाचकापुढे यावे, अशी ती कल्पना होती.

परंतु न्यायालयातून प्रयोगशाळेत येताना या सूचीतून एक गोष्ट गळून पडली. शेपर्डच्या सूचीत उल्लेखासोबत त्याचा प्रकारही नोंदलेला असे. नंतरच्या न्यायालयाने जुना निकाल अनुसरला, त्याची मर्यादा दाखवली की तो रद्दबातल ठरवला, हे तिथे चिन्हांनी कळत असे. कारण त्याशिवाय वकिलाला त्या सूचीचा उपयोगच नव्हता. गारफील्डच्या संस्थेने १९६० च्या दशकात ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ प्रत्यक्षात काढला, तेव्हा निबंधांच्या प्रचंड संख्येपुढे अशी नोंद करणे व्यवहार्य नव्हते. उल्लेख झाला एवढेच राहिले. कशासाठी झाला हे गेले. स्तुती, खंडन आणि शिष्टाचार तिन्ही समान झाले. आणि जे समान झाले, त्याची बेरीज करता येऊ लागली.

त्या बेरजेतूनच ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ आला. आपल्या सूचीसाठी कोणती नियतकालिके निवडावीत, हा गारफील्डच्या संस्थेचाही प्रश्न होता. त्यासाठी हे माप उपयोगी पडले. १९७५ पासून नियतकालिकांची ही आकडेवारी स्वतंत्र अहवालाच्या रूपाने प्रसिद्ध होऊ लागली. हिशेब सोपा आहे. नियतकालिकाने मागील दोन वर्षांत छापलेल्या निबंधांचे यंदा किती उल्लेख झाले ते मोजायचे आणि त्या निबंधांच्या संख्येने भागायचे. हे सरासरीचे माप आहे, नियतकालिकाचे आहे, आणि केवळ दोन वर्षांचे आहे. या तिन्ही मर्यादा त्याच्या व्याख्येतच लिहिलेल्या आहेत. पुढे जे घडले ते त्या मर्यादा विसरल्यामुळे घडले.

आता ही मोजपट्टी ज्या शास्त्रात जन्मली त्याच शास्त्राला लावून पाहू. उत्प्रेरण आणि पदार्थ-रसायन या क्षेत्रांत सर्वाधिक उल्लेखलेले निबंध कोणते, हे पाहू गेल्यास पहिली गोष्ट ध्यानात येते ती अशी की तेथे सिद्धान्तांपेक्षा साधनांची गर्दी अधिक आहे. १९३८ मध्ये ब्रुनॉअर, एमेट आणि टेलर या तिघांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांतील ब्रुनॉअर व एमेट हे अमेरिकेच्या कृषी खात्याच्या नायट्रोजन-प्रयोगशाळेत अमोनियाच्या उत्प्रेरकावर काम करत होते. उत्प्रेरकाचे कार्य त्याच्या पृष्ठभागावर चालते. सच्छिद्र भुकटीचा एक ग्रॅम घेतला तर त्याच्या आतल्या-बाहेरच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ शेकडो चौरस मीटर भरू शकते. हे मोजायचे कसे? अतिशीत तापमानाला त्या भुकटीवर नायट्रोजनचे किती रेणू चिकटतात यावरून क्षेत्रफळ काढण्याची रीत या तिघांनी दिली. त्यांच्या आद्याक्षरांवरून ती ‘बीईटी’ म्हणून ओळखली जाते आणि नवी भुकटी तयार करणारा जवळजवळ प्रत्येक संशोधक आजही तिचा उल्लेख करतो. हा उल्लेख म्हणजे मतैक्य नव्हे. सुताराने करवतीचे नाव घ्यावे तसा तो आहे. इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून पदार्थाचे गुणधर्म गणिताने काढण्याच्या पद्धतीचेही तसेच आहे. सर्व विज्ञानशाखांतील सर्वाधिक उल्लेखलेल्या शंभर निबंधांची यादी ‘नेचर’ने २०१४ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्या पहिल्या दहांत ली, यांग व पार यांचा १९८८ चा आणि बेके यांचा १९९३ चा असे या पद्धतीवरचे दोन निबंध होते.

साधनाचा उल्लेख आकड्यांना कोठवर नेतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण एका इतिहासलेखाचेच आहे. स्फटिकांची अंतर्गत रचना उलगडणारे ‘शेलएक्स’ हे संगणकीय प्रणालींचे संच जॉर्ज शेल्ड्रिक यांनी घडवले. २००८ मध्ये त्यांनी त्यांचा छोटा इतिहास ‘अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका’च्या ‘अ’ विभागात लिहिला आणि या प्रणाली वापरणाऱ्यांनी या लेखाचा उल्लेख करावा असे सुचवले. जगभरच्या संशोधकांनी तसे केले. परिणामी त्या नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर २००८ मध्ये २ च्या आसपास होता, तो २००९ मध्ये एकदम ४९ च्या वर गेला. आणि त्या लेखाची दोन वर्षांची मुदत संपताच पुन्हा २ च्या आसपास आला. त्या दोन वर्षांत त्या नियतकालिकात लिहिणारे इतर संशोधक अचानक पंचवीसपट थोर झाले नव्हते. परंतु कागदोपत्री तसे दिसत होते.

दुसरी गोष्ट काळाची. आपल्याकडे मुचकुंदाची कथा आहे : गुहेत युगानुयुगे निजलेला राजा कोणाच्या तरी लत्ताप्रहाराने जागा होतो. दीर्घ काळ कोणी न विचारलेल्या आणि मग एकाएकी सर्वांना हव्याशा झालेल्या निबंधांना २००४ मध्ये डच अभ्यासक व्हान रान यांनी ‘निद्रिस्त सुंदरी’ म्हटले. २०१५ मध्ये दोन कोटींहून अधिक निबंधांचा उल्लेख-इतिहास तपासून अशा निद्रिस्तांचा शोध घेण्यात आला, तेव्हा अगदी वरच्या स्थानांवर पृष्ठ-रसायन आणि पदार्थ-रसायन यांतील निबंध मोठ्या संख्येने निघाले. द्रावणातील अधिशोषणावरचा फ्रॉइंडलिखचा १९०६ चा निबंध त्यांत आहे. घन पृष्ठभाग पाण्याने भिजण्यासंबंधीचा वेन्झेलचा १९३६ चा आहे. सोन्याचे अतिसूक्ष्म कण तयार करण्यासंबंधीचा टर्केविच व सहकाऱ्यांचा १९५१ चाही आहे.

त्यांतील हमर्स आणि ऑफमन यांचा १९५८ चा निबंध घेऊ. तो आहे जेमतेम पानभराचा. ग्रॅफाइटपासून ग्रॅफाइट ऑक्साइड करण्याच्या जुन्या रीती एकोणिसाव्या शतकातल्या होत्या. त्यांना फार वेळ लागे आणि स्फोटाची भीती असे. तीव्र सल्फ्युरिक आम्ल, सोडियम नायट्रेट आणि पोटॅशियम परमँगनेट वापरून तेच काम दोन तासांच्या आत, ४५ अंशांखाली आणि सुरक्षितपणे होते, एवढेच या दोघांनी सांगितले. पाककृतीसारखा हा निबंध पुढची चार-साडेचार दशके जवळजवळ निजून होता. २००४ मध्ये गाइम आणि नोव्होसेलॉव्ह यांनी ग्रॅफाइटचा एक अणू जाडीचा थर, म्हणजे ग्राफीन, वेगळा करून दाखवला. २०१० मध्ये त्यांना नोबेल मिळाले. ग्राफीनसदृश पदार्थ मोठ्या प्रमाणावर करायचा तर ग्रॅफाइट ऑक्साइडची वाट सोयीची, हे दरम्यानच्या काळात लक्षात आले आणि हमर्सचा निबंध प्रत्येकाच्या संदर्भसूचीत जाऊन बसला. निबंधातील एक अक्षरही बदललेले नव्हते. १९५९ मध्ये तो जितका खरा आणि जितका उपयुक्त होता तितकाच २००९ मध्ये होता. बदलले ते भोवतालचे जग. दोन वर्षांच्या मापाने त्याची परीक्षा केली असती, तर ते पानभर लेखन नगण्य ठरले असते.

तिसरी गोष्ट या दोन्हींच्या उलट आहे. काही काम इतके पूर्णपणे आत्मसात होते की त्याचा उल्लेख करण्याची गरजच कोणाला वाटत नाही. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टनने या प्रकाराकडे लक्ष वेधले होते : सामावून घेतले जाणे हाच विस्मरणाचा मार्ग ठरतो. आज ‘उत्प्रेरण’ हा शब्द लिहिताना कोणी बर्झेलियसच्या अहवालाची तळटीप देत नाही. हवेतील नायट्रोजनपासून अमोनिया करण्याची हाबर-बॉश प्रक्रिया १९१३ मध्ये जर्मनीतील ओपाऊ येथे कारखान्यात सुरू झाली. तिच्यासाठी मिटाश आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हजारो चाचण्या करून लोहाधारित उत्प्रेरक शोधला. त्या प्रक्रियेतून आलेल्या खतांवर आज जगातील जवळपास निम्म्या लोकांचे अन्न अवलंबून आहे, असा अंदाज केला जातो. ते ज्ञान मुख्यतः एकस्वांत, म्हणजे पेटंटांत, आणि कारखान्याच्या वह्यांत नोंदले गेले. उल्लेखांच्या तराजूत या कामाचे वजन एखाद्या मध्यम लोकप्रिय आधुनिक निबंधाहूनही कमी भरेल.

हा न्याय आपल्या जवळच्या कामालाही लागू आहे. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० साली उभी राहिली. तेथे पॉल रत्नसामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झिओलाइट या सच्छिद्र खनिजवर्गावर आधारित उत्प्रेरकांचे जे काम केले, त्यातून ‘एन्सिलाइट’ हा उत्प्रेरक आला आणि तो देशातील पेट्रोरसायन उद्योगात झायलीनच्या प्रक्रियेसाठी वापरला गेला. अशा कामातून निबंधही निघतात आणि त्यांचे उल्लेखही होतात. पण प्रयोगशाळेतील चमचाभर भुकटी कारखान्यातील टनभर उत्प्रेरकापर्यंत नेताना जे शहाणपण लागते, ते संदर्भसूचीत मावत नाही.

मोजणीने केवळ लिहिलेल्याचे माप घेतले असते तर प्रश्न इथेच संपला असता. परंतु माप ठाऊक झाले की माणसे मापाजोगे लिहू लागतात. नियतकालिकांचाच इतिहास पाहा. ‘जर्नल ऑफ कॅटॅलिसिस’ १९६२ मध्ये निघाले. १९८१ मध्ये ‘अप्लाइड कॅटॅलिसिस’ आले आणि पुढे त्याचे विभाग झाले. १९८९ मध्ये ‘केमिस्ट्री ऑफ मटेरियल्स’ आले. २००२ मध्ये ‘नेचर मटेरियल्स’, २०११ मध्ये ‘एसीएस कॅटॅलिसिस’, २०१८ मध्ये ‘नेचर कॅटॅलिसिस’. १९९१ मध्ये सुरू झालेल्या ‘जर्नल ऑफ मटेरियल्स केमिस्ट्री’चे २०१३ मध्ये एकदम तीन भाग करावे लागले. यामागे ज्ञानाची खरी वाढ आहे, यात शंका नाही. पण विषयांच्या लाटाही आहेत. १९९१ नंतर कार्बनच्या नलिका, २००४ नंतर ग्राफीन, २००९ नंतर पेरोव्हस्काइटचे सौरघट : प्रत्येक लाटेबरोबर हजारो निबंध एकाच दिशेने धावतात, परस्परांचे उल्लेख करतात, आणि दोन वर्षांच्या मापात ती धाव उठून दिसते. जो संशोधक लाटेबाहेर बसून हमर्ससारखी एखादी सुरक्षित, सोपी कृती शोधत असेल, त्याला या मापात जागा नाही.

सत्ताकेंद्रेही सरकली. १९२७ मध्ये ग्रॉसद्वयीने विद्यार्थ्याला जर्मन शिकायला सांगितले होते. ते जर्मन ‘त्सेंट्रालब्लाट’ १९६९ मध्ये बंद पडले आणि रसायनशास्त्राची भाषा इंग्रजी झाली. आता निबंधसंख्येत चीन पुढे गेला आहे. पण त्याच चीनच्या शिक्षण व विज्ञान मंत्रालयांनी २०२० मध्ये आपल्या संस्थांना बजावले की सायटेशन इंडेक्समधील निबंधांच्या संख्येवरच मूल्यमापन करू नये, निबंधामागे रोख बक्षिसे देऊ नयेत. ज्यांनी ही शर्यत सर्वांत वेगाने धावून दाखवली, त्यांनाच ती थांबवावीशी वाटली, याला काही अर्थ आहे.

या सर्व प्रवासात मानव्यविद्या कोठे आल्या? गारफील्डच्या संस्थेने १९७८ मध्ये कला व मानव्यविद्यांचीही उल्लेखसूची सुरू केली होती. मात्र त्या सूचीतील नियतकालिकांना तिने दशकानुदशके इम्पॅक्ट फॅक्टर दिला नाही. तो द्यायला २०२३ उजाडले. याचे कारण समजण्यासारखे आहे. आपले अभ्यासविषय दोन वर्षांत जुने होत नाहीत. आपले मुख्य संदर्भ निबंधांपेक्षा ग्रंथांचे असतात. आणि आपल्याकडचा उल्लेख अनेकदा वादासाठीच केलेला असतो. मोजणीच्या मूळ घराण्याने जो संयम पाळला, तो आपल्या विद्यापीठीय व्यवस्थेने पाळला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने अध्यापकांसाठी ‘एपीआय’ गुणांची पद्धत आणली. निबंधाला गुण आणि नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरनुसार वाढीव गुण, असे कोष्टक ठरले. मराठीच्या अध्यापकालाही त्याच चौकटीत आपले लेखन बसवावे लागले. गुणांच्या गरजेतून काय काय छापले गेले, हे या क्षेत्रातील वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही. मग निकृष्ट नियतकालिके गाळण्यासाठी आयोगाने ‘केअर’ यादी आणली आणि २०२५ मध्ये ती यादीही मागे घेतली. याद्या बदलत राहिल्या. निबंध उघडून वाचणारा परीक्षक मात्र या व्यवस्थेच्या मध्यभागी कधी आला नाही.

विज्ञानाच्या जगातही याविरुद्ध आवाज उठलेला आहे. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील बैठकीतून निघालेल्या जाहीरनाम्याने सांगितले की नियतकालिकाचे माप व्यक्तीच्या कामाला लावू नये. २०१५ च्या लायडेन जाहीरनाम्याने म्हटले की संख्येने तज्ज्ञाच्या निर्णयाला साहाय्य करावे, त्याची जागा घेऊ नये. या दुसऱ्या जाहीरनाम्याच्या कर्त्यांत मोजणीशास्त्राचे नामांकित अभ्यासकच होते, हे विशेष.

मोजणी टाकाऊ आहे, असा याचा अर्थ नव्हे. कोणते साधन केव्हा हातोहाती गेले, विस्मृतीत गेलेले काम केव्हा व कशामुळे जागे झाले, एका भाषेतले ज्ञान दुसऱ्या भाषेत केव्हा सरकले, हे ती उत्तम सांगते. वाङ्मयेतिहासालाही तिचा उपयोग होण्यासारखा आहे. ग्रहणाचा इतिहास लिहिणाऱ्याला उल्लेखांची नोंद हवीच. मात्र ती सांगते ते लेखनाच्या गरजेविषयी, त्याच्या गुणाविषयी नव्हे. गुण ठरवायचा तर उल्लेख कशासाठी झाला हे पाहावे लागते, म्हणजे उल्लेख करणारा निबंध वाचावा लागतो, आणि मग ज्याचा उल्लेख झाला तोही. शेपर्डच्या सूचीतून गळालेले ते चिन्ह परत मिळवण्याचा दुसरा मार्ग नाही.

उत्प्रेरणाच्या इतिहासाने याचा पुरावा प्रारंभीच ठेवला आहे. किर्खहॉफ, थेनार्ड, डेव्ही, डोबेरायनर यांची निरीक्षणे १८३५ पूर्वीच छापलेली होती, आणि ज्याला हवी त्याला ती उपलब्ध होती. त्यांची संख्या कोणी मोजली असती तर चार भरली असती. ती चार नसून एक आहेत, हे कळण्यासाठी कोणीतरी ती सगळी वाचावी लागली.